टाइमटेबलाचा कौल

मंगेश चिंदरकरचा अपमान झाला तेव्हा तो पाचवीच्या बाकावर बसलेला होता. दहावीची पालकसभा पाचवीच्या वर्गात भरवायची ही त्या शाळेची जुनी खोड. अठ्ठेचाळीस वर्षांचा, तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून असलेला माणूस एकदा त्या बाकात शिरला, की त्याला रागाने उठून जायचीसुद्धा सोय राहत नाही. गुडघे अडकतात.

गणित शिकवणाऱ्या भक्ती मॅडम वयाने लहान, आवाजाने शांत. शांत आवाजाची माणसंच फार लागेल असं बोलतात. "संचिता हुशार आहे," त्या म्हणाल्या. "तिला गणित येत नाही असं नाही. तिला सुरुवात करता येत नाही. कुठलं आधी घ्यायचं, कुठलं नंतर, कशाला किती वेळ द्यायचा, हे तिला ठरवता येत नाही. पेपर हातात पडला की पहिला अर्धा तास ती नुसती बघत बसते. घटक चाचणीत वीसपैकी तीन आहेत. असंच चाललं तर जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत ती राहील, आणि मग बोर्डाचं काही खरं नाही. घरी थोडी नियोजनाची सवय लावा. ठरवू दे तिचं तिलाच, तुम्ही फक्त विचारत जा."

यातलं शेवटचं वाक्य मंगेशच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तो 'नियोजन' या शब्दापाशीच अडून बसला होता. नियोजनाची सवय, आणि ती कोणाच्या घरी लावायची? सहा निवडणुकांत ज्याने खाडीच्या भरतीची वेळ बघून मतदानयंत्रं पलीकडे धाडली, त्याच्या? बाकीच्या पालकांनी माना वळवून बघितलं, तेव्हा त्याने वहीत काहीतरी महत्त्वाचं लिहून घेतल्यासारखं केलं. लिहिलं होतं फक्त 'तीन'.

पण खरं सांगायचं तर अपमानापेक्षा त्याला भीती जास्त वाटली होती. संचिताला दहावीनंतर शेतीच्या पदविकेला जायचं होतं. कलमं बांधायला, रोपं जगवायला तिचा हात चांगला होता. परसातलं जायफळाचं झाड मंगेशने मेलं म्हणून सोडून दिलं होतं, ते तिने पालवीला आणलं होतं. गणित राहिलं तर हे सगळं राहिलं. एकुलती एक पोर. तिचं काही अडलं तर आपल्यामुळे अडू नये, एवढं एकच मागणं घेऊन तो घरी आला.

आला आणि पुठ्ठा आखायला बसला.

तो पुठ्ठा पुरा व्हायला एकोणीस दिवस लागले. लाल शाईने रविवार, हिरव्याने सण, निळ्याने विषय. पाच ते पाच-पाच तोंड धुणे. पाच-पाच ते पाच-सात देवाला नमस्कार. पाच-सात ते पाच-दहा पुस्तक शोधणे. शेवटी 'शेरा' नावाचा उभा रकाना, कारण शेऱ्याचा रकाना नसलेला कागद मंगेशच्या लेखी कागदच नव्हता. एकोणीस दिवस बापलेक एकाच टेबलाशी बसले होते. बाप अभ्यासाच्या वेळा आखत होता आणि मुलीला टेबलावर वही ठेवायला जागा नव्हती.

एवढ्यात शेजारच्यांना बातमी लागली. अंगणाच्या उजव्या दगडी गडग्यापलीकडचा विठोबा मुंबईच्या गोदीत चाळीस वर्षं काढून गावी आलेला, आणि गोदीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला न कळणारा विषय अजून निघायचा आहे. "मेल्या मंगेशा, अभ्यास म्हणजे फाटफटी," तो गडग्यावर कोपर टेकून म्हणाला. "पाचाक उठव चेडवाक. त्या येळेक वाचलेला मेल्यावर पण विसराक जायत नाय."

डाव्या गडग्यापलीकडून हिरा ओरडली, "मेल्यावर वाचलेला घेवन काय करतलंस? चेडवाक झोपूक दी रे. सांजचा पोटभर जेवूक घाल आणि मगे बसव." हिरा गेली तीस वर्षं पाचाला उठून मासे विकायला जात होती, त्यामुळे पाचाला उठण्याचं कौतुक तिला उरलेलं नव्हतं.

मंगेशने दोघांचंही ऐकलं आणि एकाची दोन टाइमटेबलं केली. आधीचं पहाटेचं, 'प्रस्ताव अ'. नवं संध्याकाळचं, 'प्रस्ताव ब'. मग दोन्ही समोर ठेवून तो बसून राहिला. कचेरीत असा पेच आला की फाइलीला 'चर्चा करावी' अशी चिठ्ठी लावून ती पुढे सरकवता येते. घरात सरकवणार कुठे? त्याने दोन्ही पुठ्ठे बायकोकडे सरकवले. शर्मिलाने ते फ्रिजमागे उभे केले. घटक चाचणी होऊन महिना उलटला, आणि संचिताने या महिन्यात एकही गणित सोडवलं नाही, कारण टाइमटेबल मंजूर व्हायचं होतं.

"कौल लाव," विठोबा म्हणाला. "जमीन घेवची तर आमी कौल लावतोव, लगीन ठरवूचा तर लावतोव. मग ह्या काय कमी आसा?"

आता यात चूक कोणाची म्हणावी? गावात हीच रीत. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माणसांना ठरवता येत नाही ते देव ठरवतो, आणि एकदा ठरवलं की मोडायची कोणाची टाप नसते. मंगेशला हे फार सोयीचं वाटलं. सकाळी आंघोळ करून तो संचिताला आणि शर्मिलाला घेऊन रवळनाथाच्या देवळात गेला. 'प्रस्ताव अ'चा पुठ्ठा बगलेत होता.

गाऱ्हाणं घालायला मानकऱ्यांपैकी धनेश उभा राहिला. एरवी तो मोबाइलच्या रिचार्जचं दुकान चालवायचा, पण देवापुढे उभा राहिला की त्याचा आवाज गाभाऱ्यात घुमायचा. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या तुझा लेकरू मंगेश चिंदरकर सहकुटुंब तुझ्या दारात इला आसा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या पाचसात जणांनी साथ दिली.

"तेच्या चेडवाक गणित येवक व्हया! ता चेडू फाटफटी पाच ते सहा गणिताक बसताला, आणि बापूस समोर बसान तेच्यार लक्ष ठेवतलो! तेच्यात काय अडीअडचण आसात ती दूर कर, आणि लेकराक यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. मंगेशचे डोळे भरून आले. देवाने मंजूर केलेलं टाइमटेबल अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल. त्याने संचिताकडे बघितलं. ती पाषाणाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पेपर हातात पडल्यासारखा झाला होता. पण ते मंगेशला नंतर आठवलं. त्या वेळी तो धनेशकडून पुठ्ठ्याला अंगारा लावून घेत होता.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पाचच्या ठोक्याला मंगेश निवडणुकीच्या ड्यूटीवर मिळालेली शिट्टी वाजवी. पाच दिवसांत शेजारच्या दोन्ही घरांतली कुत्री त्या वेळेला आपोआप उठून भुंकू लागली. पाच-दहाला संचिता वही उघडत असे आणि मंगेश समोरच्या खुर्चीवर बसे, हातात घड्याळ घेऊन. पेन्सिल थांबली की तो खाकरे. जास्त थांबली की म्हणे, "काय झाला? येळ जाता मा." मग ती दचकून काहीतरी लिही, मग खोडून टाकी, मग पुन्हा पेन्सिल थांबे. त्यावर मंगेश वेळेच्या महत्त्वावर बोलायला लागे आणि हे बोलणं वीस मिनिटं चाले. सहा वाजले की तो शेऱ्याच्या रकान्यात 'प्रगती मंद' असं लिही. स्वतःच्या वीस मिनिटांचा रकाना त्याने आखलेला नव्हता.

सहामाहीत बीजगणितात चाळीसपैकी नऊ पडले. रडताना संचिता आवाज करत नसे, ही तिची लहानपणापासूनची सवय. त्यामुळे ती किती रडते हे घरात कोणाला नीट माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर शाळेने दहावीचे जादा तास ठेवले, सकाळी साडेसहाला. त्यासाठी पावणेसहाची एसटी पकडायची. म्हणजे पाच ते सहाचा नेम मोडणार. बघा, एवढं साधं होतं. कोणत्याही शहाण्या घरात वेळ बदलली असती. शर्मिलाही आधी तेच म्हणाली, "बदला मा ती येळ." मग आपल्याच बोलण्याने ती दचकली. "नको, नको. कौल मोडून चेडवाच्या डोक्यार काय आणू नकात. आधी देवाक विचारा."

मंगेश धनेशच्या दुकानात गेला. धनेश एका गिऱ्हाइकाचं सिमकार्ड कापत होता. मान वर न करता म्हणाला, "कौल बंद आसा."

"बंद म्हणजे?"

"दसऱ्याक पयला गाऱ्हाणा कोणी घालूचा, माझ्या घराण्यान की गंगारामकाकाच्या, ह्याच्यार भांडाण झाला. दोघांनीय कचेरीत अर्ज केलो. निकाल लागासर कोणी गाऱ्हाणा घालूचा नाय, कौल लावूचो नाय, असो हुकूम इलो."

"मगे निकाल खंय अडलो?"

आता धनेशने मान वर केली. "तुमच्या टेबलार, मंगेशभाऊ."

माणसाने अशा वेळी काय करावं? मंगेशने रिचार्ज करून घेतलं. गरज नव्हती, पण मारलं.

फाइल सापडली. टेबलाच्या डाव्या गठ्ठ्यात खालून तिसरी, वर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी: 'चर्चा करावी.' कोणाशी, ते लिहिलं नव्हतं. चिठ्ठीला पाच आठवडे झाले होते. त्या गठ्ठ्यात आणखी चौतीस फायली होत्या आणि सगळ्यांनी तीच चिठ्ठी धरली होती. मंगेश बराच वेळ त्या गठ्ठ्याकडे बघत बसला. कुठली आधी घ्यावी, कुठली नंतर, त्याला काही सुचेना. अर्धा तास असाच गेला. शेजारच्या टेबलावरच्या स्वप्नाताईंनी विचारलं, "चिंदरकर, बरं नाही का वाटत?" तो म्हणाला, "नियोजन करतोय."

तोपर्यंत इकडे देवाचा शब्द पाळायला हवाच होता. मंगेशने तोड काढली. पाच ते पाच-चाळीस घरी, आणि राहिलेली वीस मिनिटं एसटीत. देवाने जागा सांगितलेली नव्हती, वेळ सांगितली होती. आणि बाप समोर हवा, एवढंच. मग काय, रोज सकाळी संचिता एसटीच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसे, आणि मंगेश तिच्यासमोर दांडा धरून उभा राही, गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून. वळणावर तो एकदा हिच्या, एकदा तिच्या अंगावर जाई. दहावीची अकरा पोरं त्या गाडीत असत. पहिल्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशी हसायची थांबली आणि खिडकीबाहेर बघू लागली. ते जास्त वाईट होतं.

कंडक्टरने विचारलं, "काका, रिकामी सीट आसा. उतरूचा आसा काय तुमका?"

"नाय. अभ्यास घेतंय," मंगेश म्हणाला.

संचिताने वहीत डोकं घातलं. वहीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या काळात ती घरात बोलायची जवळजवळ बंद झाली. जेवायला बोलावलं की येई, वाढलेलं खाई. परसातल्या झाडांकडे जायचं तिने सोडून दिलं. एका संध्याकाळी शर्मिला म्हणाली, "चेडू वाळाक लागला हो." मंगेशला ते दिसत होतं. पण आता थांबलो तर कौल मोडतो, आणि कौल मोडला तर पोरीचं नुकसान, आणि नाही मोडला तरी नुकसान डोळ्यांसमोर. अशा कात्रीत सापडलेला माणूस दुसरं काय करणार? शेवटी त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. डाव्या गठ्ठ्यातली खालून तिसरी फाइल ओढून काढली, चिठ्ठी फाडली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कशाला हात न लावता ती एकच फाइल घेऊन बसला. गंगाराम आणि धनेश दोघांचे जबाब घेतले. साहेबांपुढे चार वेळा उभा राहिला. साहेब नवे होते. त्यांनी 'जबाब प्रत्येकी तीन प्रतींत' मागितले, ते दिले. आठव्या दिवशी निकाल लागला: एक महिना एका घराण्याने गाऱ्हाणं घालावं, पुढचा महिना दुसऱ्याने. इतके आठवडे अडलेलं काम आठ दिवसांत झालं, याचं कचेरीत सगळ्यांना नवल वाटलं. मंगेशला लाज वाटली.

पहिला महिना गंगारामचा आला. डिसेंबरात, पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर असताना, देवळात पुन्हा कौल सुरू झाला, आणि अडून राहिलेल्यांची ही गर्दी. विठोबा होता, हिरा पाटी बाहेर ठेवून आली होती. मंगेशने चार पानांची टिप्पणी आणली होती: 'विषय: अभ्यासाच्या वेळेत अंशतः बदल करणेबाबत.'

गंगाराम म्हातारा. त्याने पानं हातात घेतली, लांब धरून बघितली. "ह्या सगळा देवाक ऐकवूचा? देवाक दुसरी कामा नायत?"

"थोडक्यात सांगतंय," मंगेश म्हणाला आणि घसा साफ केला.

तेवढ्यात संचिता पुढे झाली. "काका, माका एक विचारूचा आसा."

गेल्या महिन्याभरात तिचं इतकं मोठं वाक्य घरात कोणी ऐकलं नव्हतं. गंगारामने मंगेशकडे बघितलं, मग तिच्याकडे. "विचार, बाय माझ्या. देव सगळ्यांचो."

"बाबा माझ्यासमोर बसाक नायत, तर माका गणित सुरू करूक येतला काय? आणि येळ माझी मी ठरवलंय तर चलात काय? एवढाच."

हिराने पदर तोंडाशी नेला. मंगेशने हातातली चार पानं दुमडून खिशात घालायचा प्रयत्न केला, पण खिसा सापडेना.

गंगारामने पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडू तुझ्या पायाकडे इला आसा! बापूस समोर बसाचो नाय, आणि चेडू आपली येळ आपण ठरवताला! ह्या तुका मान्य आसात तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जन्माची सवय, मंगेशच्याही तोंडून ते निघून गेलं. तोच सगळ्यांत मोठ्याने म्हणाला असं विठोबाने पुढे महिनाभर सांगितलं.

कौलाला कधीकधी तास लागतो. हा लागला नाही. उजवी पाकळी गंगारामचा हात खाली यायच्या आत पडली.

घरी येताना शर्मिला मुद्दाम मागे राहिली. बापलेक पुढे चालत होते. वाट माडांतून जाते, तिथे दोघांना शेजारी चालता येत नाही. संचिता पुढे, मंगेश मागे. तो मागून म्हणाला, "कधीपासून विचारूचा होता तुका ह्या?"

"पयल्या दिवसापासून."

"मगे घरात सांगूचा मा गो. देवाकडे कित्याक जावक व्हया होता?"

ती थांबली, पण वळली नाही. "घरात सांगलंय असतंय, तर तुमी टाइमटेबलात लिवलं असतास."

हे खोटं नव्हतं. घर आलं.

त्या दिवसापासून संचिता आतल्या खोलीचं दार लावून घेऊ लागली. तिने वहीचं एक पान फाडून त्यावर काहीतरी चार ओळी लिहिल्या आणि भिंतीला चिकटवल्या. काय लिहिलंय ते मंगेशला दारातून वाचता येत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. कधी ती संध्याकाळी बसे, कधी दुपारी. एसटीत तिच्या मैत्रिणी पुन्हा तिच्याशी बोलू लागल्या, असं कंडक्टरने त्याला बाजारात भेटून सांगितलं. कधी आतून तिचा आवाज येई, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा: आधी हे, मग ते, हे उद्या. पाच वाजता मंगेशला मात्र जाग येतच राहिली. शिट्टी नाही, घड्याळ नाही, कोणी समोर नाही. तो अंथरुणात बसून राही. शेजारची कुत्री भुंकून भुंकून गप्प होत. अशा पहाटे माणसाला आपण नको आहोत हे फार स्पष्ट कळतं, आणि त्याबद्दल कोणाकडे अर्जही करता येत नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. संचिता शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि आईला म्हणाली, "बीजगणितात सव्वीस, भूमितीत एकोणीस." चाळीसपैकी सव्वीस! शर्मिलाने तिला जवळ घेतलं. गडग्यावरून हिराने ऐकलं आणि ती रस्त्यापर्यंत ओरडत गेली. विठोबा येऊन मंगेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेवटी तुझ्या टाइमटेबलाचोच प्रताप रे!" मंगेशने मान हलवली. नाही अशी हलवली, पण विठोबाने ती व्हय अशी धरली.

सगळे गेल्यावर तो आतल्या खोलीत आला. संचिता वह्या लावत होती. कोपऱ्यात त्याची खुर्ची तशीच होती, टेबलासमोर. तो हळूच त्या खुर्चीवर टेकला. बसला म्हणता येणार नाही, नुसता कडेवर टेकला.

"खूप बरा केलंस गो," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, अगदी हलक्या आवाजात, "आता परीक्षा झाली. आता मी कधीकधी हंय बसलंय तर चलात?"

संचिताने त्याच्याकडे बघितलं. ती चिडली नव्हती. तिचे डोळेही भरून आले होते, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि तेच त्याला सोसवेना.

"बोर्डाची बाकी आसा, बाबा," ती म्हणाली.

"व्हय, व्हय. ता आसाच."

मंगेश उठला. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, दाराच्या चौकटीला आपटू नये म्हणून तिरकी केली आणि आपली आपणच बाहेर नेऊन ओसरीवर ठेवली. मागे कडी लागली.